गणपतीच्या दर्शनाला काय न्यावं?

आणलेली वस्तू यजमानांच्या हातात द्यायची नसते. आधी ती देवापुढे ठेवायची. नारळ शेंडीसकट असावा, दूर्वांची जुडी 21 ची, फूल जास्वंदाचं. पेढे सगळेच आणतात. दोन दिवसांत फ्रिजमध्ये बॉक्सवर बॉक्स चढतात आणि खव्याला वास यायला लागतो. त्यापेक्षा पंचखाद्य किंवा सुकामेवा बरा. टिकतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर ठेवताही येतो. केळी न्यायची तर जरा कच्चट बघून घ्या.

उकडीचे मोदक मात्र विचारल्याशिवाय नेऊ नयेत. गार झाले की पारी चिवट होते, शिवाय त्या घरी पहाटेपासून खपून केलेल्या मोदकांशी तुलना होते ती वेगळीच!

दीड दिवसाचा गणपती असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारनंतर जाऊ नका. विसर्जनाची गडबड असते. जवळचं घर असेल तर आदल्या दिवशी फोन करून ‘काकू, काय आणू?’ असं सरळ विचारावं. ‘काही नको, तुम्ही या फक्त’ हे उत्तर ठरलेलं. ते मनावर घ्यायचं नसतं. आरतीच्या ताटात टाकायला सुटे पैसे खिशात असू द्यावेत, आणि निघताना मिळालेल्या प्रसादाच्या पुडीला नाही म्हणू नये.