डभोईची गाडी आणि दर सेकंदाचा हिशेब

गायकवाडांच्या बडोदे संस्थानात डभोई ते मियागाम हा अडीच फुटी रुळांचा मार्ग १८६२ साली सुरू झाला, तेव्हा डबे बैल ओढत. इंजिने नियमित धावू लागली ती १८७३ मध्ये. आपण इंजिनाचीच गाडी घेऊ, पण आकडे आपल्या सोयीचे. डभोईहून सुटताना वेग शून्य. इंजिनाच्या ओढीमुळे वेग दर सेकंदाला ०.३ मीटर प्रतिसेकंद इतका वाढायला हवा, पण जसजसा वेग वाढेल तसतसा रोधही वाढतो. म्हणून वेगवाढीचा दर धरू ०.३ वजा ०.०२ गुणिले वेग. झाले अवकल समीकरण. गाडी शेवटी १५ मीटर प्रतिसेकंदावर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटरवर स्थिरावते.

संगणक हे पायरी-पायरीने सोडवतो. सर्वांत साधी रीत ऑयलरची: आत्ताचा दर घ्या, तोच पुढचे १० सेकंद टिकेल असे माना. १० सेकंदांनी वेग ३ येतो, खरा २.७२ असतो. अचूकता हवी तर पायरी लहान करा. पण सुरुवातीला वेग भराभर बदलतो आणि नंतर जवळपास सपाट होतो, मग सगळीकडे सारखीच पायरी कशाला? म्हणून डोर्मंड आणि प्रिन्स यांच्या १९८० च्या रीतीसारख्या पद्धती प्रत्येक पायरीला कमी-अधिक अचूकतेची दोन उत्तरे काढतात. दोन्हींतला फरक ठरवलेल्या मर्यादेत बसला तर पायरी मान्य, नाहीतर लहान पायरीने पुन्हा प्रयत्न.

अडचण इथे येते. पायऱ्या पडतात, समजा, २० आणि ६० सेकंदांना, आणि आपल्याला आलेखासाठी हवा असतो ४० व्या सेकंदाचा वेग. दोन टोकांचे वेग आहेत ४.९५ आणि १०.४८. मधोमध सरळ रेषा ओढली तर ७.७१ मिळतात, खरे उत्तर ८.२६. चूक बरीच मोठी. पण दोन्ही टोकांचे उतारही आपल्याला समीकरणातूनच फुकट मिळतात. वेग आणि उतार दोन्ही जुळवणारा घन वक्र काढला की ४० व्या सेकंदाला ८.२७ येतात. दोन बिंदूंच्या मधले मूल्य असे काढणे म्हणजे अंतर्वेशन, आणि त्यावरच सगळे चालते. सायपाय या गणिती आज्ञावलीत ‘टी_इव्हॅल’ला वेळांची यादी द्या, किंवा मॅटलॅबच्या ‘ओडीई४५’ला दोनहून अधिक वेळा द्या, आतल्या पायऱ्या होत्या तशाच राहतात, मागितलेल्या वेळेचे उत्तर अशा वक्रावरून वाचून दिले जाते. (मॅटलॅबला फक्त सुरुवात आणि शेवट दिलात तर पायऱ्यांसोबत तो मधले बिंदूही आपणहून भरतो, त्यामुळे आलेख गुळगुळीत दिसतो आणि पायऱ्या किती पडल्या याबद्दल फसगत होते.)

तेव्हा दर सेकंदाचे उत्तर मागितल्याने गणित अधिक अचूक होत नाही. यादी लांबते एवढेच. अचूकतेसाठी त्रुटीची मर्यादा आवळावी लागते. हे अनेकांच्या उशिरा लक्षात येते, कारण जवळजवळचे ठिपके फार विश्वासार्ह दिसतात.

याहून खोडकर प्रकार ब्रेकचा. गाडी स्थिर वेगाने धावते आहे, म्हणून पायऱ्या लांबच लांब झाल्या आहेत, आणि ६०० व्या सेकंदाला फक्त ५ सेकंद ब्रेक लागतो. संगणक त्यावरून सरळ उडी मारून जाऊ शकतो. तुम्ही ६०२ वा सेकंद यादीत घातलात तरी उपयोग नाही. ब्रेक लागलाच नव्हता असे उत्तर येईल. वेळ ठाऊक असेल तर ६०० पर्यंत गणित करून थांबा, तिथला वेग घेऊन ६०५ पर्यंत नवे गणित सुरू करा, मग तिथून पुढे तिसरे. वेळ ठाऊक नसेल तर ‘मॅक्स_स्टेप’ने सर्वांत मोठ्या पायरीवर बंधन घाला, गणित हळू होईल, ते सोसावे.

कधी वेळच आपल्याला शोधायची असते: गाडी ताशी ४५ किलोमीटरचा वेग कधी गाठते? इथे यादी देऊन काम भागत नाही. वेग वजा १२.५ ही राशी ‘इव्हेंट’ म्हणून द्यावी. तिचे चिन्ह ज्या पायरीत बदलते तेवढ्या पायरीतला वक्र घेऊन संगणक शून्याची जागा हेरतो. आपल्या गाडीसाठी ती आहे सुमारे ८९.६ सेकंद.