पित्त, हवा आणि सतरावा प्रश्न

विट्याच्या एका वाचकांनी चार ओळींचं पत्र पाठवलंय. विचारलंय, ‘डिप्रेशन आलेल्या माणसाला आपल्याला ते आलंय हे स्वतःला कळतं का, की घरच्यांनीच ओळखायचं?’

उत्तराआधी माझ्या काकूंची गोष्ट सांगतो. राहतात कऱ्हाडजवळ. मध्यंतरी सहा महिने त्यांच्या तक्रारी त्याच त्या होत्या: अंगात त्राण नाही, डोक्याला मुंग्या येतात, छातीत धडधडतं. साडीच्या दुकानाच्या पिशवीत रिपोर्टांची चळत साठली होती. थायरॉइड, शुगर, दोन ईसीजी, एक सोनोग्राफी. रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे खूश व्हायचे आणि काकू खट्टू. कशानं होतंय असं विचारलं की म्हणायच्या, ‘पित्त, दुसरं काय!’ आणि दिवसातून दहा वेळा म्हणायच्या, ‘करमत नाही रे.’ हे दुसरं वाक्य मात्र त्यांनी एकाही डॉक्टरला ऐकवलं नाही. का, असं विचारलं तर माझ्याकडेच बघत राहिल्या. करमत नाही हे काय डॉक्टरला सांगायचं दुखणं झालं?

आता इंग्लंडमधल्या लीड्सला जाऊ. नैराश्यावरची पहिली औषधं नुकतीच हाती आली होती आणि ती लागू पडतात की नाही हे मोजायला फूटपट्टी हवी होती. मॅक्स हॅमिल्टन या मनोविकारतज्ज्ञांनी १९६० मध्ये ती तयार केली. सतरा मुद्दे; डॉक्टरनं रुग्णाशी बोलायचं आणि गुण द्यायचे. झोपेचे मुद्दे तीन, मग अपराधीपणा, भूक, वजन. आणि शेवटचा, सतरावा: आपण आजारी आहोत हे रुग्णाला उमजलंय का? आपल्याला नैराश्य आहे हे मान्य असेल तर शून्य. आजारच साफ नाकारला तर दोन. मधला एक गुण मला फार आवडतो. आजारी आहे हे कबूल, पण खापर भलत्यावर. कशाकशावर, त्याची यादीच पट्टीत दिलीय: वाईट अन्न, हवापाणी, अतिकाम, विषाणू, विश्रांतीची गरज. आपल्या भाषेत: पित्त, ‘हवा मानवली नाही’, दगदग, ‘अंगात ताप मुरलाय’, ‘जरा आराम पडला की होईल बरं’. लीड्सच्या थंडीत बसून या माणसानं कऱ्हाडच्या दवाखान्यातलं बाकडं कसं पाहिलं असेल?

पुढच्या संशोधकांनी या प्रश्नाची फारशी कदर केली नाही. पट्टीची जी सहा मुद्द्यांची सुटसुटीत आवृत्ती निघाली, तीत तो वगळला. हल्ली सर्वत्र वापरली जाणारी नऊ प्रश्नांची चाचणी २००१ची. ती रुग्ण स्वतःच भरतो आणि तीतही असा प्रश्न नाही. मोबाइलवर ‘दोन मिनिटांत ओळखा तुमचं डिप्रेशन’ म्हणून जे फिरतं, त्याबद्दल माझी कुरकुर इथेच आहे. ज्याला संशय आलाय तोच ती चाचणी उघडणार. काकूंना फोनवर हव्या असतात पित्तावरच्या उपायांच्या चित्रफिती.

वाचकांच्या प्रश्नाची अवघड बाजू हॅमिल्टनच्याही आधी, १९३४ मध्ये, लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातल्या ऑब्री लुईस यांनी मांडली होती. त्याच वर्षी त्यांनी तीव्र औदासीन्याच्या ६१ रुग्णांचा बारकाईनं केलेला अभ्यासही छापून आला. आपल्यात झालेल्या बिघाडाकडे नीट बघता येणं म्हणजे भान, असं ते म्हणत. पण बघायचं कशानं? त्याच बिघडलेल्या मनानं. पाय मोडला तर मन शाबूत असतं, ते पायाकडे बघून सांगतं. इथं साक्षीदारच फितूर. म्हणून तीव्र नैराश्यातला माणूस अनेकदा ‘मी आजारी आहे’ म्हणतच नाही. तो म्हणतो, ‘मी नालायक आहे, घराला भार आहे.’ हे त्याला आजाराचं लक्षण वाटत नाही, उशिरा कळलेलं सत्य वाटतं.

मग काकूंसारखी माणसं अडाणी म्हणून अंगावरची दुखणी सांगतात का? शहरी मंडळींना तसं वाटतं खरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानं १४ देशांतल्या १५ केंद्रांत पाहणी झाली. त्यात बंगळूर होतं, तसं पॅरिस आणि सिअ‍ॅटलही. १९९९ मध्ये आलेले निष्कर्ष असे: नैराश्य असलेल्या १,१४६ रुग्णांपैकी ६९ टक्के केवळ शारीरिक तक्रारी घेऊन आले होते. पण मनाबद्दल थेट विचारल्यावरही ‘तसलं काही नाही’ म्हणणारे फक्त ११ टक्के. बाकीच्यांना ठाऊक होतं, कुणी विचारलं नव्हतं एवढंच. आणि जिथं रुग्णाची डॉक्टरशी कायमची ओळख नव्हती, तिथं नुसत्या अंगाच्या तक्रारी सांगणारे जास्त निघाले. आपल्याकडचा ‘घरचा डॉक्टर’ गेला तो काय काय घेऊन गेला, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

शब्दांचाही घोळ आहे. सज्जनगडाच्या मुलखात ‘उदास’ हा आजार कसा ठरणार? संतांच्या भाषेत उदास म्हणजे आसक्ती सुटलेला. ती तर शाबासकी! ‘उदासीन’चा मूळ अर्थही अलिप्त, बाजूला बसलेला.

हॅमिल्टनच्या पट्टीतल्या यादीत नसलेलं एक कारण मात्र इथं सर्रास सांगितलं जातं: करणी, बाहेरची बाधा. सातारचे डॉ. नरेंद्र दाभोलकर अंगात येण्यामागचा मनोविकार आयुष्यभर समजावून सांगत राहिले. ते काम बुवाबाजीविरुद्धचं म्हणून गाजलं. त्यातलं मानसिक आरोग्याचं काम झाकलं गेलं, ही माझी जुनी तक्रार आहे. सातारच्या ‘परिवर्तन’ संस्थेचे ‘मानसमित्र’ हा त्याचाच पुढचा धागा.

आशाताई घरोघरी जो आरोग्याचा फॉर्म भरतात, त्यात आता मनाचेही दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला का, निराश वाटलं का. उत्तरांच्या गुणांची बेरीज तीनच्या वर गेली की पुढं डॉक्टरकडे पाठवायचं. प्रश्न उत्तम. फक्त ते विचारताना उंबऱ्यात सासूबाई शेंगा फोडत बसलेल्या असतात आणि सून म्हणते, ‘न्हाई, बरं हाय सगळं.’

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी लोकांशी ओळखीच्या शब्दांत बोलणं सुरू केलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण २०१३ मध्ये चार टक्क्यांच्या आसपास होतं, ते २०१५ मध्ये २७ टक्क्यांवर गेलं. उरलेले ७३ टक्के विसरू नयेत हे खरं, पण दीड-दोन वर्षांत एवढी उडी मी तरी आरोग्याच्या आकड्यांत क्वचित पाहिलीय.

काकूंचं निदान शेवटी झालं. कऱ्हाडातल्या एका डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टांची पिशवी बाजूला ठेवली आणि विचारलं, ‘करमतं का हो?’ काकू अर्धा तास रडल्या. आजाराचं नाव, औषध कशाचं, किती दिवस, सगळं बाईंनी नीट सांगितलं. तीन महिन्यांनी काकू शेजारणींबरोबर पालीच्या खंडोबाला जाऊन आल्या. परवा फोनवर मला म्हणाल्या, ‘त्या बाईंच्या गोळ्या घे रे तू पण. पित्तावर अगदी रामबाण!’

हॅमिल्टनच्या पट्टीवर सतराव्या प्रश्नाला काकूंना अजूनही एक गुण आहे.