जुनं विमान बाळगायचं तर

कल्याणहून मलंगगडाकडे जाताना वाटेत नेवाळी लागतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन धावपट्टी बांधली. युद्ध संपलं, विमानं गेली, जमिनीचा वाद मात्र मागे राहिला. जून २०१७ मध्ये नौदलाच्या कुंपणावरून इथे पेटलेलं आंदोलन अनेकांना आठवत असेल. ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यात विमान उतरायला बांधलेली जागा असूनही विमान नाही, अशी ही स्थिती आहे.

अशा भागातल्या एखाद्याने ठरवलं, की आपण एक जुनं, दोन माणसांचं, पंखा हाताने फिरवून सुरू करायचं विमान घ्यायचं, तर ते जमेल का? ऐकणारा आधी पैशाचं विचारतो. खरं तर पैशाच्या आधी चार प्रश्न सोडवावे लागतात: विमान कोणतं, ते दुरुस्त कोण करणार, त्याचे कागद कसे होणार आणि ते ठेवायचं कुठे. उडवणं शेवटी येतं आणि त्या मानाने सोपं असतं.

विमान कोणतं?

अमेरिकेतले हौशी विमानमालक जुन्या विमानांचे तीन गट पाडतात: ऑगस्ट १९४५ पर्यंत बनलेली, तिथून १९५५ पर्यंतची आणि १९५६ ते १९७० मधली. भारतात पहिल्या गटाचं ठळक नाव म्हणजे टायगर मॉथ. हे दोन मजली पंखांचं ब्रिटिश प्रशिक्षण विमान १९३१ मध्ये प्रथम उडालं. भारतीय हवाई दलाने आपलं एक टायगर मॉथ ब्रिटनमध्ये दुरुस्त करून घेतलं आणि २०१२च्या हवाई दल दिनी पुन्हा आकाशात नेलं. पण त्याच्या जिप्सी मेजर इंजिनाचे सुटे भाग आणि ते ओळखणारे हात मुख्यतः ब्रिटनमध्येच आहेत. एकट्या माणसाला हे झेपणं कठीण.

तिसऱ्या गटात आपलं स्वतःचं विमान आहे: 'पुष्पक'. बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली ते आकाराला आलं. घाटगे जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रान्ट्ल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्र शिकले होते. १९५१ मध्ये उडालेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमानही त्यांच्याच चमूचं. पुष्पक २८ सप्टेंबर १९५८ रोजी प्रथम उडालं. अमेरिकेच्या एरोन्का चीफ या विमानाच्या धर्तीवर ते बेतलेलं होतं. दीडशेच्या आसपास पुष्पक बनली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत गेली. मुलकी वैमानिकांच्या एका पिढीने पहिले धडे त्यांच्यावर गिरवले.

आकडे साधे आहेत. पंखांचा विस्तार सुमारे ११ मीटर, माणसं आणि पेट्रोल धरून वजन सुमारे ६०० किलो, इंजिन ९० अश्वशक्तीचं, वेग ताशी १३५ किलोमीटरच्या आसपास, आसनं दोन, शेजारी-शेजारी.

कातडी कापडाची

पुष्पकचा सांगाडा पोलादी नळ्या जोडून केलेला आणि त्यावर कापड ताणलेलं. पंख डोक्यावर, त्यांना खालून तिरक्या दांड्यांचा आधार. या बांधणीत वजन कमी राहतं आणि कारखान्याशिवायही दुरुस्ती करता येते. मात्र सगळा भरवसा कापडावर असतो.

पूर्वी सुती कापड वापरत. ते पंखाच्या फासळ्यांना दोऱ्याने शिवायचं आणि वर 'डोप' नावाच्या लाखेसारख्या द्रावणाचे हात द्यायचे. डोप वाळताना आक्रसतो आणि कापड ताणलं जातं. त्यावर ॲल्युमिनियमच्या पुडीचा रुपेरी थर देतात. तो शोभेसाठी नसतो, तो कापड कुजवणारी अतिनील किरणं अडवतो. आता बहुतेक ठिकाणी पॉलिस्टर कापड लावतात. ते ठरलेल्या तापमानाच्या इस्त्रीने ताणून बसवतात आणि ते सुती कापडापेक्षा कितीतरी जास्त टिकतं. कापडात जीव उरलाय की नाही हे पाहायला एका छोट्या यंत्राने त्यावर मोजून दाब देतात. कापडाने तो दाब सोसला नाही, तर सगळी कातडी उतरवून नवी चढवायची.

कोकणपट्टीत खरा शत्रू ओल आहे. कापडाच्या आत साचलेलं पाणी पोलादी नळ्यांना आतून गंज आणतं आणि लाकडी भाग कुजवतं. म्हणून पंखांच्या आणि शेपटीच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं ठेवतात. पावसाळ्यात ती मोकळी आहेत का, हे पाहणं मालकाचं काम. उंदीर हा दुसरा शत्रू. त्याला कापडाच्या आतली कोरडी जागा फार आवडते.

इंजिन आणि त्याचे नखरे

पुष्पकचं कॉन्टिनेन्टल सी-९० हे चार सिलिंडरचं, हवेने थंड होणारं इंजिन. त्याला मॅग्नेटो दोन आणि प्रत्येक सिलिंडरला प्लगही दोन. मॅग्नेटो स्वतःच ठिणगी तयार करतो, त्यामुळे बॅटरी नसली तरी इंजिन चालतं आणि एक मॅग्नेटो बंद पडला तरी दुसरा विमान उतरवून देतो. उड्डाणाआधी प्रत्येक मॅग्नेटो आळीपाळीने बंद करून पाहतात. फेरे थोडे घटणं ठीक. जास्त घटले किंवा इंजिन खडखडलं, तर विमान परत हँगरमध्ये.

मूळ इंजिनाला विजेचा स्टार्टर नाही. चाकांना अडणी लावायची, जाणकार माणसाला आत ब्रेक दाबून बसवायचं आणि बाहेरच्याने पंखा हाताने फिरवायचा. आतल्याने 'स्विच ऑफ' म्हटलं तरी पंखा जिवंत आहे असंच समजून वागायचं, कारण मॅग्नेटोची एक तार तुटली, तर स्विच बंद असूनही ठिणगी पडू शकते. हे काम पाहून शिकायचं नसतं, कुणीतरी शेजारी उभं राहून शिकवावं लागतं.

दमट हवेतला आणखी एक धोका म्हणजे कार्ब्युरेटरमधला बर्फ. पेट्रोलची वाफ होताना आतलं तापमान वीस-तीस अंशांनी उतरू शकतं. बाहेर २५ अंश आणि दमट हवा असली, तरी आत बर्फ धरतो आणि इंजिन गुदमरतं. त्यावर उपाय म्हणजे धुराड्याभोवतीची गरम हवा आत सोडणारी एक दांडी. वेळेवर ती ओढायची सवय लागली, की हा धोका बराच आटोक्यात येतो.

इंजिनाला तासाला साधारण २० लिटर विमानाचं पेट्रोल लागतं. ते आपल्याकडे पूर्वी आयात व्हायचं. सप्टेंबर २०२२ पासून इंडियन ऑइल ते गुजरातमध्ये बनवू लागलं. रंग निळा. उड्डाणाआधी टाकीच्या तळातून थोडं काढून काचेत पाहतात, पाणी असेल तर खाली वेगळं दिसतं. सुमारे १८०० तासांनंतर इंजिन पूर्ण उघडून बांधायचं, ही कारखान्याची शिफारस. सी-९०चाच पुढचा भाऊ सेस्ना-१५० मध्ये बसतो, त्यामुळे या घराण्याचे बरेच भाग आजही मिळतात. टायगर मॉथऐवजी पुष्पकचा विचार करावा, त्याचं हे एक मोठं कारण.

कागदांचं वजन

विमानाची नोंद नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे होते आणि 'व्हीटी'नंतर तीन अक्षरांचं चिन्ह मिळतं. या सगळ्याला १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू आहे. मालकाला नोंदणीपत्र, उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र आणि त्या योग्यतेचा ठरावीक मुदतीने होणारा आढावा, हे तिन्ही लागतात. त्याशिवाय विमा आणि रेडिओचा परवाना. खासगी नोंदीचं विमान भाड्याने लोक फिरवायला वापरता येत नाही. परदेशातून जुनं विमान आणायचं, तर आयातीचे वयाचे नियम आडवे येऊ शकतात. म्हणून देशातच नोंद असलेलं, लॉगबुक सलग असलेलं विमान शोधावं.

'लॉगबुक सलग' हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. विमानाचं, इंजिनाचं आणि पंख्याचं वेगळं लॉगबुक असतं. कधी काय बदललं, कोणत्या परवानाधारक अभियंत्याने सही केली, भाग कुठून आला, हे सगळं त्यात येतं. चकचकीत रंगवलेलं पण वहीत दहा वर्षांची पोकळी असलेलं विमान स्वस्तात मिळालं तरी महाग पडतं, कारण ती पोकळी भरायला ते पूर्ण उघडावं लागतं. शिवाय एखादा बोल्ट हार्डवेअरच्या दुकानात हुबेहूब मिळाला, तरी योग्य प्रमाणपत्राशिवाय तो विमानात बसत नाही.

उडवणाऱ्यालाही कागद लागतात. खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान वय १७, किमान ४० तास उड्डाण, दुसऱ्या वर्गाची वैद्यकीय तपासणी, हवाई नियम, दिशादर्शन आणि हवामान यांसारख्या विषयांची परीक्षा आणि रेडिओवर बोलण्याचा परवाना.

ठेवायचं कुठे?

नेवाळीतून काही उडत नाही, तेव्हा डोंबिवलीकराला जवळचा विमानतळ म्हणजे जुहू. घाटकोपरला उतरून मेट्रोने अंधेरी गाठता येते. जुहूला मान मोठा आहे. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना भारतातला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला, ते इथल्याच बॉम्बे फ्लाइंग क्लबचे विद्यार्थी होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन ते पस मॉथ विमानाने इथेच उतरले. पण तेव्हाही पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात जायचं आणि टाटांना आपला तळ पुण्याला हलवावा लागायचा.

आज चिखल नाही, गर्दी आहे. जुहू सांताक्रूझच्या मोठ्या विमानतळाला खेटून आहे आणि तिथे मुख्यतः हेलिकॉप्टरांची वर्दळ असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचंही उद्घाटन झालं. अशा आकाशात ताशी १३५ किलोमीटरने जाणारं, मुळात रेडिओही नसलेलं विमान रेडिओ आणि ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख सांगणारं यंत्र) बसवल्याशिवाय नेता येत नाही. म्हणून हलक्या विमानांचा संसार मुंबईबाहेर सरकला. बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षणही धुळ्याला चालतं. कल्याणच्या मालकाने विमान कसाऱ्याच्या घाटापलीकडे ठेवावं हेच बरं. तिथली हवा कोरडी असते आणि कापड, लाकूड, पोलाद तिघांनाही ती मानवते. मात्र हँगर पक्का हवा. ताडपत्रीखाली पावसाळा काढता येत नाही.

उडवताना

पुष्पकचं तिसरं चाक शेपटीखाली असतं, म्हणजे वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे पडतो. हातगाडी पुढून ओढली तर सरळ येते, मागून ढकलली तर जराशी तिरकी होताच आणखी तिरकी होत जाते. उतरल्यावर पुष्पक तसंच वागतं. नाक किंचित वळलं आणि पाय वेळेवर हलले नाहीत, तर विमान गर्रकन स्वतःभोवती फिरतं, कधी पंख जमिनीला टेकतो. विमान पूर्ण थांबेपर्यंत पायांना सुटी नाही. नाकाखाली चाक असलेल्या नव्या विमानांवर शिकलेल्यांना हे वेगळं शिकावं लागतं.

असं विमान डोळ्यांनी पाहून उडवायचं असतं. आपल्याकडे त्याला सूर्योदयापूर्वी २० मिनिटं ते सूर्यास्तानंतर २० मिनिटं एवढीच मुभा आहे. किमान दृश्यमानता ५ किलोमीटर हवी आणि ढगांपासून ठरलेलं अंतर राखायचं. निघण्याआधी उड्डाणाचा आराखडा द्यायचा आणि हवाई संरक्षणाचा परवानगी क्रमांक घ्यायचा.

दिशा ठरते ती नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ यांवर. त्या दृष्टीने कल्याण ही उत्तम खूण आहे. कर्जत आणि कसारा या दोन फाट्यांची रेल्वे, उल्हास नदीचं वळण, दक्षिणेला मलंगगडाचा सुळका आणि पूर्वेला बारवीचं पाणी, चारही खुणा जुळल्या तर चूक होणं अवघड. कल्याण ते नाशिक सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटर. वारा नसेल तर पुष्पकला जेमतेम ५० मिनिटं लागतील. समोरून ताशी २५ किलोमीटरचा वारा असेल तर पूर्ण एक तास. पेट्रोलचा हिशेब याच गणितावर चालतो.

मधे सह्याद्री आहे. हिवाळ्यात वारा पूर्वेकडून आला, की कड्यावरून ओघळणारी हवा कोकणाच्या बाजूला विमानाला खाली ढकलते. ९० अश्वशक्ती तिच्याशी भांडू शकत नाही, म्हणून कड्यापासून दूर असतानाच पुरेशी उंची घेऊन ठेवायची. उन्हाळ्याचं गणित वेगळं. नाशिकजवळच्या ओझरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. मे महिन्यात तापमान ४० अंशांवर गेलं, की तिथली हवा इतकी विरळ होते, की विमान साधारण १६५० मीटरवर असल्यासारखं वागतं. म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या शिखरावर, तिची उंची १६४६ मीटर आहे. धाव लांबते, चढ मंदावतो. म्हणून उन्हाळ्यात जुनी विमानं सकाळी लवकर उडवतात.

मग घ्यावं का?

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८व्या वर्षी, जे.आर.डी. पुन्हा कराचीहून जुहूला आले ते लेपर्ड मॉथमध्ये. विमानांची ती जात १९३३ पासूनची. इतकं जुनं विमानही शेकडो किलोमीटर सुरक्षित येऊ शकतं, पण त्यामागे सांभाळणारे हात आणि चोख वह्या असाव्या लागतात. विमानाचं वय नुसत्या वर्षांत मोजून चालत नाही. शेवटची खरी तपासणी कधी झाली, तिथून मोजावं लागतं.

म्हणून ज्याला हा नाद आहे, त्याने आधी विमान विकत घेऊ नये. आधी परवाना काढावा. मग शेपटीखाली चाक असलेल्या विमानावर एखाद्या जाणत्या प्रशिक्षकाबरोबर हात बसवावा. त्यानंतर जुनी विमानं जाणणारा परवानाधारक अभियंता शोधावा आणि तो 'हो' म्हणाला, तरच तीन-चार जणांनी मिळून एक विमान घ्यावं. हँगर, विमा आणि वार्षिक तपासणी यांचा खर्च विमान उडो न उडो येतोच, तो वाटून घेतलेला बरा. आणि सौदा करायला जाताना कॉकपिटमध्ये बसण्याआधी लॉगबुक मागावं. ते दाखवायला मालक कां-कूं करत असेल, तर चहा घ्यावा आणि परत यावं.