पॅनेलची पाठ

उघड्या गाडीच्या दाराचं आतलं पॅनेल आपण समोरून पाहतो. पाणी त्याला मागून गाठतं. टप कापडाचा, खिडकीला काच नाही, पावसात बटणांनी अडकवायचे पडदे. पडद्याच्या फटीतून शिरलेलं पाणी पत्रा आणि पॅनेल यांच्यामधल्या पोकळीतून खाली उतरतं आणि दाराच्या तळाशी लाकडावर साचतं. म्हणून १९२४च्या फोर्ड मॉडेल टी टूरिंगसाठी साहित्य शोधायला निघालो, तेव्हा रेक्झीनचा दाणा आणि चकाकी हा विषय मी मागे ठेवला. आधी आतला बोर्ड.

अमेरिकेत या गाडीच्या पॅनेलचे कापून, मढवून तयार संच मिळतात. आमच्या गाडीला ते पुरत नाहीत. ब्रिटन वगळता साम्राज्यातल्या देशांना फोर्ड गाड्या कॅनडातून जात, उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या. आमचीही त्यातलीच. अमेरिकन टूरिंगला ड्रायव्हरच्या बाजूला पुढचं दार नसतंच, पत्र्यावर दाराचा नुसता आकार उठवलेला असतो. कॅनडाच्या बॉडीची चारही दारं उघडतात. म्हणजे एका दाराचं पॅनेल संचात मुळातच नाही.

खरा नमुना गाडीतच होता. मागच्या डाव्या दाराचं पॅनेल कुणी कधी बदललेलं नव्हतं. बारीक पटाशी सरकवत एकेक चूक उपसली. प्रत्येक चुकेभोवती गंजाचा तांबूस गोल, खालच्या काठाला पुठ्ठ्याचे पापुद्रे सुटून त्याचा भुगा झालेला. पण वरची पट्टी लाकडाच्या आडोशाने कोरडी राहिली होती. तिची जाडी व्हर्नियरवर आली एक अष्टमांश इंच, म्हणजे तीन मिलिमीटरच्या किंचित वर. पाठ काळी, खरवडली की डांबराचा वास. वरचं कृत्रिम चामडं सुती विणीचं. त्या काळी अशा कापडावर नायट्रोसेल्युलोजचा थर चढवत आणि तो लवचीक राहावा म्हणून त्यात एरंडेल घालत. तेल हळूहळू निघून गेलं की थर तडकतो. आमचाही दुमडीच्या रेषेवर तडकला होता.

पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये हा तुकडा घेऊन फिरलो. पहिला सल्ला सगळीकडे एकच: ‘साहेब, मरीन प्लाय घ्या, पाण्याची काळजीच नको.’ प्लाय पाण्याला उत्तम, पण चार मिलिमीटरचं घेतलं तर दार लागताना काठ घासतो, आणि काठाजवळ चूक मारली की वरचा पापुद्रा चिरतो. एमडीएफ मी हातातही घेतलं नाही. त्याचा काठ पाण्यात चहात बुडवलेल्या खारीसारखा फुगतो. सनबोर्ड भिजत नाही हे खरं, पण मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या काळ्या गाडीत तो मऊ पडून वाकतो आणि चूक धरत नाही.

उरलं तीन मिलिमीटरचं हार्डबोर्ड. लाकडाचे तंतू वाफेने मोकळे करून, उष्णतेने आणि दाबाने पुन्हा एकजीव केलेलं. समोरून गुळगुळीत, मागे जाळीचा ठसा. जुन्या पुठ्ठ्यासारखंच ते हलक्या गोलाईला वळतं, आणि माझ्या मते उघड्या गाडीत हा गुण ताकदीपेक्षा मोठा आहे. ही बॉडी चालताना हलते, दारं किंचित पिळली जातात. पॅनेल ताठ असेल तर सगळा ताण चुकांवर येतो. दुकानदाराकडून दोन वेगवेगळ्या हार्डबोर्डच्या पट्ट्या मागून घेतल्या आणि रात्रभर बादलीत ठेवल्या. एकीचा काठ नखाने उकलला. दुसरी फुगली, पण थर सुटले नाहीत. तीच घेतली.

हार्डबोर्ड पाणी पितं ते जाळीच्या बाजूने आणि काठांतून. त्यामुळे आकार कापून, चुकांची भोकं ड्रिलने पाडून झाल्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा सगळीकडे दिला, काठांना आणि भोकांच्या आतही. तेल टाळलं, कारण तेलावर चिकटवायचं सोल्यूशन धरत नाही. मग रेक्झीन. आजचं बहुतेक रेक्झीन पीव्हीसीचं, मागे विणलेली ताणणारी जाळी. ते ओढून बसवलं की उन्हात सैल पडतं. न ताणणाऱ्या सुती पाठीचं शोधायला बोर्डापेक्षा जास्त वेळ गेला. शेवटी ते बसचे सीट मढवणाऱ्या कुशनवाल्याकडे जुन्या ताग्यात मिळालं. दाणा मूळच्यापेक्षा किंचित मोठा आहे. तो मी स्वीकारला.

चिकटवायला रबरी सोल्यूशनच हवं. पांढरा फेविकॉल ओलीने सुटतो. कापड मागे इंचभर दुमडून चिकटवलं, ते पक्कं वाळू दिलं आणि मगच पाठीवर काळा बिटुमिन रंग दिला, दुमडीच्या काठावरूनही. हा क्रम उलटला तर सोल्यूशनमधलं द्रावक बिटुमिन विरघळवतं आणि दुमड कधीच धरत नाही. चुका पितळी, डोक्यांना काळा रंग.

बसवताना पॅनेल तळाच्या लाकडावर टेकवलं नाही, खाली तीन मिलिमीटर फट सोडली. तळाच्या पत्र्यातली पाणी जायची भोकं जुन्या रंगाने बुजली होती, तीही मोकळी केली. ड्रायव्हरच्या दाराचं पॅनेल मागच्या दाराच्या साच्यावरून निघत नाही, त्याची पुढची कड तिरकी आहे. त्यासाठी आधी पातळ पुठ्ठ्याचा साचा दारावरच कापतो आहे.