उतारवयांतील सायकल आणि गांवची पाणंद

नोकरींतून मुक्त झालेल्या मनुष्यापुढें दोन संकटें उभीं राहतात: एक रिकामा वेळ, व दुसरें बसून बसून जडावलेलें शरीर. महसूल खात्यांत कारकुनी करून गेल्या वर्षीं, वयाच्या ५८ व्या वर्षीं, मीं कचेरीचा निरोप घेतला, तेव्हां हीं दोन्हीं माझ्या वांट्यास आलीं. त्यांतच रक्तांतील साखर वाढल्याचें निघालें. डॉक्टरांनीं रोज चालण्यास सांगितलें. परंतु गुडघे कुरकुर करूं लागले. तेव्हां त्यांनींच सायकल सुचविली, कारण तिच्यावर अंगाचा भार बैठकीवर राहतो व गुडघ्यांवर कमी येतो.

लहानपणीं तासाच्या भाड्यानें सायकल घेऊन, दांडीखालून पाय घालून मी ती शिकलों होतों. पुढें तीस वर्षें मोटारसायकलीवरच गेलीं. आमचें गांव फलटण तालुक्यांत, नीरेच्या उजव्या कालव्याच्या भागांत. जमीन बहुतेक सपाट, त्यामुळें चढाची भीति नव्हती. भीति होती ती लोकांच्या हंसण्याची. पहिल्याच दिवशीं पारावरून एकानें विचारलें, "काय अण्णा, पेन्शन पुरंना व्हय?" सायकल म्हणजे गरिबाचें वाहन, ही आपली समजूत फार पक्की आहे. चार दिवस सोसल्यावर हंसणारेही थकले.

जे बंधु या वयांत हा छंद धरतील त्यांच्यासाठीं अनुभवाच्या कांहीं गोष्टी सांगतों. पायडल सर्वांत खालीं असतांना त्यावर टांच टेकली तर पाय सरळ व्हावा, इतकी बैठक उंच ठेवावी. मग चवड्यानें चालवितांना गुडघा किंचित् वांकलेला राहतो व दुखत नाहीं. आरंभीं दहा मिनिटें पुरेत. पुढें हळूहळू वाढवावीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांस आठवड्यास निदान १५० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. म्हणजे पांच दिवस अर्धा अर्धा तास. साखरेच्या गोळ्या चालू असणारानें आधीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा व खिशांत गुळाचा खडा ठेवावा. अंगास कांप सुटला किंवा घाम फुटला तर तो तत्काळ तोंडांत टाकावा. मोकळ्या मातींत पुढचा ब्रेक एकटा दाबूं नये. मीं तो ओढ्याच्या उतरणीवर दाबला व कोपर सोलून घेतलें. बाभळीच्या काट्यानें पंक्चर झालें तर ट्यूबमध्यें हवा भरून ती पाण्याच्या घमेल्यांत धरावी. बुडबुडे येतील तेथें ठिगळ लावावें. उसाच्या हंगामांत अंधारांत डांबरी रस्त्यावर जाऊंच नये. पुष्कळ ट्रॉल्यांना मागें दिवा नसतो.

या ट्रॉल्यांच्या भीतीनेंच मी जुन्या पाणंदीनें जाऊं लागलों. मोटारसायकलीवर दृष्टि रस्त्यावर खिळलेली असते. सायकल आवाज न करतां संथ चालते; कोठें चारी फुटली आहे, कोणाच्या उसाखालीं पांढरे क्षार वर आले आहेत, हें आपोआप नजरेस येतें. एके ठिकाणीं मात्र मला रोज उतरावें लागे. तेथें पाणंद इतकी अरुंद कीं, दोन्हीं बाजूंच्या उसाचीं पानें अंगास कापीत. आठ दिवस मी शेजाऱ्यांस मनांतल्या मनांत दोष देत होतों. नवव्या दिवशीं ध्यानांत आलें कीं, डावीकडचा बांध आमचाच! शेती धाकटा भाऊ पाहतो, व मी जाई तो नेहमीं डांबरी रस्त्याकडून. शेताचा हा पाठीमागचा बांध मीं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

गांवनकाशांत गाडीवाट तुटक दुहेरी रेषेनें दाखविलेली असते व तिची रुंदी १६.५ ते २१ फूट धरतात. १६.५ फूट म्हणजे ३३ फुटी मोजणी-साखळीची बरोबर अर्धी. हद्दीच्या जुन्या दगडांवरून टेप लावला, तों ७ च फूट उरलेले! आमच्या बाजूनें ५ व समोरून ४.५ फूट नांगराखालीं गेले होते. लांबी पांच साखळ्या, म्हणजे १६५ फूट. तेव्हां आम्हीं घेतलेली जागा ८२५ चौरस फूट, म्हणजे जेमतेम पाऊण गुंठा. आणि एवढ्यापायीं, पलीकडच्या शेजाऱ्याचा कांदा मागच्या परतीच्या पावसांत ट्रॉली आंत न गेल्यानें डोक्यावरून वाहावा लागला, व निम्मा शेतांतच सडला. त्या वेळीं मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या पांचव्या कलमाखालीं वाट मोकळी करण्यासाठीं सहा महिन्यांच्या आंत अर्ज कसा करावा, हें मीं त्याला मोठ्या ऐटीनें समजावून दिलें होतें. तो ऐकून गप्प राहिला. कां, तें मला आतां कळलें.

भावापुढें गोष्ट काढली. तो म्हणाला, "अण्णा, सगळ्यांनीच थोडं थोडं सरकवलंय. आपणच आधी का सोडायचं?" मीं म्हटलें, "मी जन्मभर लोकांना नकाशे दाखवीत आलों, म्हणून आपणच आधी." दोन दिवस तो माझ्याशीं बोलला नाहीं. पुढें ऊस तुटल्यावर फाल्गुनांत त्यानेंच माणसें लावून बांध मागें घेतला. समोरचा बांध अद्याप जेथल्या तेथें आहे. परंतु १२ फुटांतून ट्रॉली जाते, व शेजाऱ्याचा यंदाचा उन्हाळी कांदा तिनेंच बाहेर आला.

माझी साखर थोडी उतरली, डॉक्टरांनीं एक गोळी कमी केली. हा लाभ माझ्यापुरता. शेतकरी बंधूंनीं मात्र आपल्या शिवारांतून एकदां तरी सायकलीवरून फिरावें, आणि जेथें उतरावें लागेल तेथें बांध कोणाचा हें आधीं पाहावें, एवढीच विनंति.