दोरीवर वाळणाऱ्या चान्या

मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांत उन्हाळ्याच्या दिवसांत घरापुढच्या दोरीवर मांसाच्या लांब पट्ट्या वाळत घातलेल्या असत. याच चान्या. गावातलं मेलेलं जनावर ओढून नेण्याचं काम महार-मांगांच्या माथी मारलेलं होतं आणि त्याचं मांस हाच त्याचा मोबदला. एका बैलाचं मांस एका दिवसात संपत नसे आणि पुढचं कधी मिळेल याचा भरवसा नसे. म्हणून ते वाळवून पावसाळ्याच्या बेगमीला ठेवलं जाई. 1927 साली महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचं आवाहन केलं आणि अनेकांनी ते सोडलं. वाळवण्याची रीत मात्र कापलेल्या जनावराच्या मांसालाही तशीच लागू पडते. शाहू पाटोळे यांनी 2015 साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात या खाद्यपरंपरेची नोंद केली नसती, तर आपल्या पाककृतींच्या पुस्तकांतून तिचा पत्ताही लागला नसता. त्याच वर्षापासून राज्यात गाईबरोबर बैलाच्याही कत्तलीवर बंदी आहे, तेव्हा पुढची सगळी कृती रेड्याच्या किंवा बकऱ्याच्या मांसासाठी समजावी.

यामागचं तत्त्व एकच आहे, पाणी काढून घ्यायचं. ताज्या चरबीविरहित मांसात वजनाच्या 70 ते 75 टक्के पाणी असतं. जिवाणूंना वाढायला मोकळं पाणी लागतं, म्हणजे मिठाने धरून न ठेवलेलं. हे मोकळं पाणी 0 ते 1 अशा मापाने मोजतात. ताजं मांस 0.99 च्या आसपास असतं. ते 0.90 च्या खाली आलं की बहुतेक जिवाणूंची वाढ थांबते. विषबाधा करणारा स्टॅफिलोकॉकस 0.86 पर्यंत तग धरतो, आणि बुरशी तर त्याच्याही बरीच खाली. म्हणून चानी नुसती सुकून चालत नाही, ती कडक व्हावी लागते. फ्रीज पाणी काढत नाही, फक्त जिवाणूंचा वेग कमी करतो; वीज दोन दिवस गेली की सगळं मुसळ केरात.

खरं कसब कापण्यात आहे. मांस आधी चरबीपासून सोडवायचं, अगदी पांढरा धागाही ठेवायचा नाही. चरबी वाळत नाही. ती हवेने खवट होते आणि शेजारच्या मांसालाही वास लावते. मग मांसाचे धागे कोणत्या दिशेने गेलेत ते बोटाने चाचपून त्याच दिशेने सुरी चालवायची. आडवं कापलं तर पट्टी दोरीवर स्वतःच्या वजनाने तुटते. जाडी अर्ध्या सेंटीमीटरच्या आत ठेवावी. जाड पट्टी वरून कडक होते आणि ते कडक कवच आतल्या ओलाव्याला बाहेर पडू देत नाही. चार दिवसांनी मोडून पाहावं तर आत ओलसर, वास मारणारं मांस. वाळवण बिघडण्याचं हे मोठं कारण आहे.

कापलेल्या पट्ट्यांना किलोमागे 30 ते 40 ग्रॅम मीठ आणि थोडी हळद चोळावी. ऊन जिवाणूंची वाढ रोखतं, पण त्यांना मारत नाही. त्यामुळे पट्ट्या वाळत घालण्याआधी उकळत्या मिठाच्या पाण्यात आतपर्यंत शिजवून घ्याव्यात, असं मी आग्रहाने सांगेन. मांस आतून 71 अंशांपर्यंत तापलं की पोट बिघडवणारे नेहमीचे जंतू मरतात. जुन्या रीतीत हे नाही, पण चवीत फार फरक न पडता धोका बराच कमी होतो.

वाळवण सकाळीच घालावं. पहिला दिवस सर्वांत महत्त्वाचा: संध्याकाळपर्यंत पट्टीचा पृष्ठभाग हाताला कोरडा लागलाच पाहिजे. पट्ट्या एकमेकींना चिकटू देऊ नयेत, दोन्ही बाजूंनी वारा खेळावा. वर पातळ मलमल टाकली नाही तर माशी अंडी घालते आणि दुसऱ्या दिवशी अळ्या दिसतात. रात्री दवापासून वाचवायला सगळं घरात घ्यायचं. मराठवाड्याचं एप्रिल-मेचं कोरडं ऊन यासाठी उत्तम. कोकण-गोव्याच्या दमट हवेत नुसत्या उन्हावर विसंबता येत नाही. गोव्याच्या चोरिस या डुकराच्या मांसाच्या सॉसेजला मीठ, माडाच्या ताडीचा व्हिनेगर, मिरची आणि धूर असा चौफेर पहारा लागतो तो त्यामुळेच.

चानी तयार झाली की वाकवताना कटकन मोडते आणि मोडलेल्या जागी रंग आरपार एकसारखा गडद दिसतो. किलोभर मांसाचं वजन 300 ग्रॅमच्या आसपास येतं. पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरावी, नाहीतर वाफेचं पाणी परत तिच्यातच मुरतं. पावसाळ्यात उघडीप मिळाली की ऊन दाखवून घ्यावं. तेलात बुडवलं म्हणजे मांस टिकतं, ही समजूत मात्र धोक्याची आहे: ओलसर मांसाची हवा तोडली की बोट्युलिझमचा जिवाणू तिथेच वाढतो आणि त्याच्या विषाला वास येईलच असं नाही.

डबा उघडल्यावर पांढरी बुरशी, चिकटपणा किंवा आंबूस वास आढळला तर सगळा डबा फेकावा, वरचं काढून खालचं वापरू नये. चांगली चानी निखाऱ्यावर भाजून, कुटून भाकरीबरोबर खातात. कालवण करायचं तर गरम पाण्यात भिजवून, मऊ पडल्यावर तुकडे करून, तिखट आणि कांद्याबरोबर भरपूर पाण्यात मोडेपर्यंत शिजवावी.