छप्पर उतरवलं, आता काच!

१९३२ ची फोर्ड कूपे घ्यायची, छपराचे खांब आडवे कापायचे, मधले तीन-चार इंच काढून टाकायचे आणि छप्पर पुन्हा खाली जोडायचं. जुन्या गाड्या वेगासाठी बदलणारे हॉट रॉडवाले याला ‘चॉप’ म्हणतात. वेल्डिंगच्या ठिणग्यांचे फोटो सगळे काढतात. पण गाडी रस्त्यावर येणार की गॅरेजमध्येच कुजणार, हे ठरतं काचेवर.

या छंदाचा इतिहास थोडक्यात असा: दक्षिण कॅलिफोर्नियातले तरुण जुन्या, स्वस्त फोर्ड गाड्या हलक्या करून मुरॉक आणि एल मिराजच्या कोरड्या तलावांवर पळवू लागले, १९३७ मध्ये शर्यतींची संघटना झाली, जानेवारी १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ मासिक निघालं.

आता काच. पत्रा चुकला तर पुन्हा जोडता येतो, काचेला ती सवलत नाही. टफन्ड काच तर कापताच येत नाही. तापवून झटकन थंड केल्यामुळे तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली असतो. कटर खोल गेला की क्षणात चुरा. लॅमिनेटेड काच मात्र कापता येते. दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असल्यामुळे दोन्ही बाजूंनी अगदी समोरासमोर रेघ ओढायची, दोन्ही काचा तडकवायच्या, मग फटीत थोडं स्पिरिट ओतून पेटवायचं. पापुद्रा मऊ पडला की ब्लेड फिरवायचं. हे काम बघताना अनुभवी माणसंही गप्प होतात.

त्याआधी माप. वेल्डिंगनंतर डावी आणि उजवी खिडकी क्वचितच तंतोतंत सारखी राहते, म्हणून प्रत्येक चौकटीचा साचा वेगळा कापावा लागतो. रबरासाठी सगळीकडून जागा सोडायची. काच एका जागी जरी पत्र्याला टेकली, तरी पहिल्याच खड्ड्यात तडा ठरलेला.

१९३० च्या दशकातल्या गाड्यांच्या काचा सपाट, म्हणून हे सगळं जमतं. १९५१ च्या मर्क्युरीची मागची काच वक्र. तिथे जाणकार काचेला हातच लावत नाहीत. ती अखंड ठेवून आडवी कलवतात आणि पत्राच तिच्याभोवती बसवतात. हा शहाणपणा कौतुकाचा आहे.

काचेतल्या हुशारीचा सर्वांत सुंदर नमुना म्हणजे बिल आणि बॉब पिअर्सन या भावांची १९३४ ची फोर्ड कूपे. वारा कापण्यासाठी छप्पर तब्बल नऊ इंच उतरवलं. पण शर्यतीचा नियम सांगत होता, समोरची काच किमान सात इंच उंच हवी. ती किती कललेली असावी, याबद्दल नियमात अवाक्षर नव्हतं! काच इतकी मागे झुकवली की सात इंच भरले आणि गाडी बुटकी ती बुटकीच राहिली. एप्रिल १९५० च्या ‘हॉट रॉड’च्या मुखपृष्ठावर ती झळकली. आजही तिच्या फोटोत नजर आधी त्या तिरप्या फटीकडेच जाते.

काचेचा कंटाळा आलेल्यांनी प्लास्टिक उचललं. गाड्या घडवणाऱ्या एड रॉथच्या १९६१ च्या ‘बीटनिक बँडिट’ गाडीवर छपराऐवजी पारदर्शक बुडबुडाच होता. ही गाडी अमेरिकेतल्या रीनोच्या संग्रहालयात आहे. १९६८ मध्ये आलेल्या पहिल्या सोळा ‘हॉट व्हील्स’ खेळण्यांतही ती होती. दिसायला बहार, पण कॅलिफोर्नियाच्या उन्हात आत बसणाऱ्याचे हाल होणारच. रस्त्यासाठी काचच बरी.

कायद्याची गाठ शेवटी पडतेच. अमेरिकेत समोरच्या काचेवर ‘एएस-१’ अशी खूण असते. त्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जावा लागतो. आपल्याकडेही समोरच्या आणि मागच्या काचेला ७०, तर बाजूच्या काचांना ५० टक्क्यांची अट आहे. मोठ्या काचेतून तुकडा कापला की ती खूण बहुधा उरलेल्या भागात राहून जाते. म्हणून चांगला काचवाला योग्य प्रतीची काच वापरतो आणि नव्या तुकड्याच्या कोपऱ्यात खूण पुन्हा कोरून देतो. हॉट रॉड विकत घेणाऱ्याने बॉनेट उघडण्याआधी तो कोपरा तपासावा.